ठरावातलं माहेर

धर्मेश मागच्या दाराने घरात शिरला, तेव्हाच शांतीला वाटलं की या पत्राची त्याला आधीपासून खबर होती. पुढच्या अंगणात संगीता रानशेतच्या चार बायांना घेऊन सकाळपासून बसली होती. त्यांच्यासमोरून यायचं त्याने टाळलं. पोटचा पोरगा असला म्हणून काय झालं, चोराच्या मनात चांदणं असायचंच.

"बसा, प्रशासकसाहेब," शांती म्हणाली. "चहा घेता?"

"आये, असं नको ना बोलू."

"मग कसं बोलू? पत्रात हेच लिहिलंय. रुपलने दोनदा वाचून दाखवलं मला."

रुपल उंबऱ्यावर फाइल उघडून बसली होती. धर्मेशची धाकटी बहीण, डहाणूच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून. तलासरीच्या सासरहून सकाळची पहिली रिक्षा धरून आली होती आणि आल्यापासून एक अक्षर जास्तीचं बोलली नव्हती. तिला फार राग आला की ती अशीच कमी बोले.

पत्र गुरुवारी आलं होतं. महासंघाचं मुख्य कार्यालय सातासमुद्रापार, देशातलं कार्यालय मुंबईत. मजकूर सरळ होता. नरपड-सरावलीच्या मासळी निवड कामगार संघाने महासंघाची परवानगी न घेता चार दिवस काम बंद ठेवलं आणि पाचव्या दिवशी परस्पर शेठशी करार केला. म्हणून संघाची कार्यकारिणी बरखास्त, अध्यक्ष शांती नारू पागधरे यांचे अधिकार काढून घेतले, तो करार रद्द, आणि पुढच्या आदेशापर्यंत संघाचा कारभार प्रशासक पाहील. प्रशासक म्हणून नाव होतं धर्मेश नारू पागधरे, महासंघाचे जिल्हा संघटक.

"दादा," रुपलने विचारलं, "पत्रावर तारीख सहाची आहे. तुझी संमती कधी घेतली?"

"संमती कसली? वरून आदेश आला."

"कुत्रा सांभाळायला ठेवायचा तरी आपण शेजाऱ्याला आधी विचारतो. प्रशासक नेमताना विचारलं नाही?"

धर्मेशने चहाचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. "विचारून दोन आठवडे झाले. मी नाही म्हटलं असतं तर मुंबईहून कोणीतरी अनोळखी येऊन बसला असता. मी असलो तर निदान घरातलं माणूस."

"घरातलं माणूस आहे म्हणूनच भीती वाटते," शांती म्हणाली.

अंगणात संगीता कान देऊन ऐकत होती. शब्द कळत नव्हते, पण आवाज चढत होते आणि मध्येच एकदम खाली येत होते. तिला ते खाली येणं आवडलं नाही. घरातली भांडणं मोठ्याने चालतात तोवर बाहेरच्याला भीती नाही. कुजबूज सुरू झाली की समजावं, आपल्याला वाटेला लावायची तयारी चालली आहे.

ती संघाची उपाध्यक्ष होती, पण रानशेतची. समुद्र तिच्या घरापासून लांब. सरावलीच्या शेडमध्ये कोळंबी निवडायला लागून तिला नऊ वर्षं झाली होती आणि उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नव्हती. बर्फाच्या खोलीत सकाळी सहाला शिरायचं ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर यायचं नाही, अशी तिथली रीत. ती रीत मोडायलाच चार दिवस काम बंद होतं. एक तास बर्फात, एक तास बाहेर, अशी पाळी शेठने मान्य केली, शांतीबायने सही केली. पाळी जेमतेम महिनाभर चालली. परवा शुक्रवारी मुकादमाने सगळ्यांना परत आत ढकललं. म्हणाला, "सही कोणाची खरी ते आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग बघू."

"आय अध्यक्ष, लेक प्रशासक," संगीता शेजारी बसलेल्या धाकलीला म्हणाली. धाकली तिची मावशी, शेडमधली सर्वांत जुनी कामकरीण. "कोनीबी जिंकलं तरी कारभार याच घरात."

"नारूदादाचं घर हाय ते," धाकली म्हणाली.

"नारूदादा मेला. मी जित्या मानसांचं बोलते."

संगीता उठली, पायातल्या चपला काढल्या आणि कोणी बोलावलं नसताना थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "शांतीबाय, जे काय बोलायचं ते आमच्या म्होरं बोला. दोन वाजता सभा हाय. आतलं शिजवून आमाला नुसतं वाढायचं असंल तर आमी आताच जातो."

शांतीला तो बोल लागला. पण लागण्यासारखाच होता, हे तिलाही कळत होतं.

सगळे ओटीवर आले. समोर बोंबील सुकत घातलेल्या बांबूंच्या रांगा होत्या आणि उन्हाने वास वर चढत होता. धर्मेशची बायको हेमाली पाण्याचे पेले घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"नीट ऐका," रुपल म्हणाली. "संघाची नोंदणी सरकारदरबारी आपल्या नावावर आहे, महासंघाच्या नाही. महासंघाची घटना आपल्याला लागू होते ती आपण आपल्या सभेत ठराव करून जेवढी मानली तेवढीच. म्हणून सगळं त्या एका ठरावावर अडलंय. बारा वर्षांपूर्वीच्या. आणि त्या ठरावाचे कागद दोन आहेत."

तिने पहिला कागद वर धरला. महासंघाने पत्राला जोडलेली ती झेरॉक्स होती. टाईप केलेला मजकूर, खाली शांतीच्या नवऱ्याची, नारूची सही. तिने वाचलं: "ही संघटना महासंघास पालक संघटना म्हणून मान्यता देते. महासंघाची घटना, नियम व आदेश या संघटनेवर बंधनकारक राहतील."

"असं कदी बोललंच नवतं," धाकली मध्येच म्हणाली.

"थांब मावशी. हा दुसरा." रुपलने सभेची जुनी वही उघडली. नारूचं बाळबोध अक्षर होतं. "सर्व बायांनी हात वर करून ठरवले की महासंघाला माहेर मानावे. अडीअडचणीला त्यांच्याकडे जाऊ. ते आले तर पाहुणचार करू. घर आपले आपण चालवू."

धाकलीला हसू फुटलं. "तेच! तेच बोलला. आमी इचारलं, हे महासंघ म्हंजे कोन? तर नारूदादा बोलला, माहेर समजा. मग काय, सगल्यांनी हात वर केले. माहेराला कोन नाय बोलंल?"

"उद्याच्या सुनावणीत निबंधकांसमोर हे वाचून दाखवणार तू?" धर्मेशनेही हसायचा प्रयत्न केला. "माहेर? कायद्यात असा शब्द आहे कुठे?"

"कायद्यात नसेल, ठरावात आहे," रुपल म्हणाली. "आणि अर्थ विचारला तर संघाच्या दोनशे बायका साक्षीला आहेत."

"माझा भाऊस येतो," संगीता सावकाश म्हणाली. ती अजून उभीच होती. "येतो, जेवतो, पोरांना खाऊ देतो, जातो. माझ्या चुलीत लाकूड किती घालायचं ते नाय सांगत. सांगंल तर परत येऊ नको बोलंन."

"महासंघाने मदत केली तेव्हा बरी चालली!" धर्मेशचा आवाज चढला. "शेडमध्ये आग लागली तेव्हा जगभरातून शेठवर दबाव कोणी आणला? परदेशातल्या खरेदीदाराशी करार आहे त्यांचा. तुम्ही इथे मनात आलं की काम बंद करता, तिकडे तो करार मोडतो. आणखी वीस शेड आहेत किनाऱ्यावर, तिथल्या बायकांचं काय? हे कोणाला कळत नाही. आणि रुपल, तू का एवढी तावातावाने बोलतेस ते मला माहितीये. तुला सचिव व्हायचंय."

रुपलचे कान लाल झाले, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. "मला काय व्हायचंय ते उद्यानंतर बघू. उद्या सकाळी सुनावणी आहे आणि निबंधक पहिला प्रश्न विचारतील की वहीत हे आहे, तर हा टाईप केलेला उतारा आला कुठून? खोटा म्हणायचं तर कोणी केला ते प्रतिज्ञापत्रात लिहावं लागेल. नाही लिहिलं तर निबंधक सरळ अर्थ काढतील. सही बाबांची आहे. बाबांनी बायकांना एक सांगितलं आणि महासंघाला दुसरंच लिहून दिलं."

नारू पागधरेने दोनशे बायकांना फसवलं, हे वाक्य त्या ओटीवर पहिल्यांदाच कोणी उच्चारलं होतं, आणि तेही त्याच्याच मुलीने.

"बाबांनीच केलं असेल," धर्मेश म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "शेवटी शेवटी ते विसरायचे खूप."

हेमालीला हे सहन झालं नाही. ती झेरॉक्स तिच्या हातात मघाच, पेले ठेवताना, एकदा येऊन गेली होती आणि तिने ती ओळखली होती. वरच्या ओळीत संघाचं नाव होतं, 'मासली निवड कामगार संघ'. मासळी नव्हे, मासली. त्याखाली 'सर्व सभासदांच्या वेलोवेली झालेल्या चर्चेनुसार'. ते 'ळ' तुटलेलं यंत्र तिला चांगलं आठवत होतं. डहाणू रोडच्या टायपिंग क्लासमधलं, खिडकीजवळचं. लग्नाआधीचे दिवस. धर्मेश शेजारी स्टूल ओढून बसला होता, एकेक वाक्य सांगत होता आणि ती बोटं आपटत होती. त्या वेळी ती फक्त एवढंच बघत होती की तो आपल्या किती जवळ बसला आहे.

दहा वर्षं ती या घरात राहिली होती. गुजरातच्या उंबरगावची म्हणून कोणी थट्टेत तिला 'परराज्यातली' म्हणे. सासऱ्यांनी कधीच म्हटलं नाही. उलट ते तिच्याकडून गुजराती पेपर वाचून घ्यायचे आणि चूक काढायचे.

"ते मी टाईप केलंय," ती म्हणाली.

धर्मेशने मान झटक्यात वर केली. "हेमाली, तू आत जा."

"नाही जाणार. आई, हे मी टाईप केलंय. ह्यांनी सांगितलं तसं. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, देवाशपथ. पण पप्पांचं नाव घ्यायचं नाही कोणी. विसरत नव्हते ते. शेवटपर्यंत माझ्या चुका काढायचे."

संगीता या सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिली. सून नवऱ्यावर उलटली होती, बहीण भावावर. तरीही तिचा विश्वास बसेना. नाटक असंल तर लय चांगलं बसवलंय, असं तिच्या मनात आलं.

शांती मुलाच्या अगदी समोर जाऊन बसली. "का केलंस?"

"माहेर लिहून पाठवायचं होतं का, आये? हसले असते ते. मी बी.ए. करत होतो. मला लाज वाटली. आणि तेव्हाचा त्यांचा संघटक म्हणाला, बंधनकारक हे वाक्य नसेल तर संलग्नता मिळणारच नाही. म्हटलं, एका वाक्यासाठी कशाला अडायचं? मी नीट मराठी केलं, एवढंच."

"तुझ्या बाबांनी वाचून सही केली?"

"त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मी वाचून दाखवलं."

"काय वाचलंस?"

धर्मेश उठू लागला.

"कागदावर पालक होतं," शांती म्हणाली. "तू तोंडाने काय वाचलंस?"

"माहेर," तो म्हणाला.

शब्द बदलला होता, तोवर ती पोराची अक्कल होती, शिकलेल्याचा शहाणपणा होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बापाला त्याचेच शब्द ऐकवून दुसऱ्याच शब्दांखाली सही घ्यायची, याला शांतीकडे नाव नव्हतं. तिला एकाच वेळी त्याच्या थोबाडीत मारावंसं आणि त्याला पोटाशी धरून रडावंसं वाटलं. यातलं तिने काहीच केलं नाही.

दीड वाजता ती साडी बदलायला आत गेली, तर तो मागोमाग आला. दार लोटून घेतलं. हेच संगीताने ओटीवरून पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

"आये, ऐक. माझं नाव लिहिलं तर नोकरी जाईलच, पण केससुद्धा होईल. वकील नेमून खेचतील मला. तो जुना संघटक वारला, कोविडमध्ये. त्याचं नाव घाल. त्याने केलं म्हण. मेलेल्याला काय होतंय? संघ सुटेल, बाबांचं नाव सुटेल, मीही सुटेन."

शांतीने त्याच्याकडे पाहिलं. मार्ग सोपा होता, आणि तिला तो मोह झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हेमाली गप्प बसली असती. ओटीवर ऐकलेल्या बायांनीही संघ वाचतोय म्हटल्यावर तोंड उघडलं नसतं. रुपललाही आईने गळ घातली असती तर तिने लिहिलं असतं. त्या संघटकाला शांतीने दोनदा जेवू घातलं होतं. मोरी माशाची आमटी आवडीने खायचा. त्याची बायको कुठेतरी दक्षिणेत होती म्हणे. शांतीला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

"त्याला पोरं होती ना?" तिने विचारलं.

"काय माहीत."

"तू हो बाहेर. मला साडी नेसू दे."

सभा सुरूच्या झाडांखाली भरली. नरपडच्या बाया एका बाजूला, रानशेतच्या दुसऱ्या बाजूला. मधे कोणी रेघ ओढली नव्हती, पण बसताना नेहमी अशाच बसत. धर्मेश सभासद नव्हता, तो कडेला एका बुंध्याला टेकून उभा राहिला. संगीता मुद्दाम सगळ्यांत पुढे बसली, शांतीचं तोंड दिसेल अशी.

"बंद दारामागं काय ठरलं ते आधी सांगा," ती म्हणाली.

"सांगते," शांती म्हणाली. "हा बोलला, मेलेल्या मानसाचं नाव घालू. मी बोलले, साडी नेसू दे."

दोनशे माना धर्मेशकडे वळल्या. त्याने जागा सोडली नाही.

"आता लिही," शांती रुपलला म्हणाली. "आमच्या वहीत जे आहे तोच आमचा ठराव. महासंघाकडे गेलेला उतारा खोटा. तो धर्मेश नारू पागधरे याने केला. नारूंना एक वाचून दाखवलं आणि दुसऱ्यावर सही घेतली."

रुपलचा पेन थांबला. सकाळपासून भावावर तुटून पडलेली ती, आता तिच्याच्याने पुढे लिहवेना. "आये, एवढं नको. उतारा चुकीचा होता, इतकं पुरेल बहुतेक."

"बहुतेकवर बर्फाची पाळी मिळत नाही. लिही."

रुपलने लिहिलं. मग वाचून दाखवलं, एकेक शब्दावर बोट ठेवून. मंजुरीसाठी हात वर करायचे होते. एकही हात वर झाला नाही. नरपडच्या बाया वाळूत बघत बसल्या. अध्यक्षांच्या तोंडासमोर तिच्या पोराविरुद्ध हात कोण उचलणार? उद्या त्याच गल्लीतून पाण्याला जायचं होतं.

शेवटी शांतीनेच हात वर केला. एकटीने. किती वेळ ती तशी उभी होती, हे नंतर प्रत्येकीने वेगवेगळं सांगितलं. संगीता तिच्या चेहऱ्यावर काही खोट सापडते का ते शोधत होती. तिला फक्त एक म्हातारी बाई दिसली, जी वर केलेला हात खाली घेत नव्हती. संगीताने आपला हात उचलला. तिच्या मागून रानशेतच्या साऱ्या बायांनी उचलला, धाकलीने दोन्ही उचलले, आणि मग नरपडच्यांनी.

"मंजूर," रुपल म्हणाली. तिने छापील प्रतिज्ञापत्राचं शेवटचं पान काढलं. इथे ती पुन्हा कोर्टातल्या आवाजात बोलायला लागली, कारण दुसऱ्या आवाजात तिला रडू आलं असतं. "एक रकाना राहिलाय. सदर इसमास आपण किती वर्षांपासून ओळखता?"

"चौतीस," शांती म्हणाली. झाडाच्या बुंध्याशी उभा असलेला मुलगा आता तोंडावर हात घेऊन खाली बसला होता. तिने तिकडे पाहिलं. "नको. खोड ते. आजपासून लिही."

"आये, प्रतिज्ञापत्र आहे. खरं लिहावं लागतं."

"खरंच सांगते आहे," शांती म्हणाली.